झाशी हीरोजचा एक गोल

दिवाळीच्या सुट्टीआधी इंटर-हाऊस हॉकीचा अंतिम सामना झाला. तो आमचे हाऊस १–० असे हरले. हा लेख लिहायला मी त्या सामन्यामुळे बसलो, म्हणून आधी तेच सांगतो.

शेवटची चार मिनिटे उरली होती आणि गुणफलक ०–० होता. मध्यरेषेवर चेंडू माझ्या स्टिकवर आला. उजवीकडे आमचा नववीतला विंगर अगदी मोकळा उभा होता. त्याने स्टिक वर करून मला हाकही मारली. मी चेंडू दिला नाही. एका बचावपटूला चकवले, दुसऱ्याने चेंडू काढून घेतला. आमची मधली फळी माझ्या मागोमाग पुढे आली होती, त्यामुळे मागे कोणीच नव्हते. तीन पासमध्ये त्यांनी गोल केला.

संध्याकाळी रोल कॉलनंतर उस्तादांनी मला थांबवले.

“उजवीकडे कोण होते?”

“सर, आपला विंगर.”

“दिसला होता?”

“दिसला होता, सर.”

“मग?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे म्हणजे होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्याला वेगळा चषक असतो आणि मला त्यासाठी एकच गोल कमी पडत होता.

उस्ताद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुझ्या वडिलांची बदली झाशीला झाली आहे ना? सुट्टीत झाशी हीरोजचा १९३३ चा हंगाम अभ्यासून ये आणि मासिकासाठी लिही.”

गाव

मराठी घरात झाशी म्हटले की राणी लक्ष्मीबाईच आठवते. सुट्टीत पोहोचलो त्या दिवशी आजीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “किल्ला पाहिलास का रे?” पाहिला. कडक बिजली तोफ पाहिली. १८४२ मध्ये मणिकर्णिकेचे गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले, ते गणेश मंदिरही पाहिले. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “आता झाशीचे दुसरे ठाणे दाखवतो,” आणि मला हीरोज मैदानावर घेऊन गेले. मेजर ध्यानचंद यांची समाधी तिथे आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार याच मैदानावर झाले. ज्या जागेवर खेळले, तीच जागा त्यांना शेवटी मिळाली.

झाशीत हॉकी का रुजली, हे नकाशा पाहिला की कळते. गावाला लष्कराची छावणी आहे, आणि मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचे हे मोठे जंक्शन होते. इंग्रज पलटणींबरोबर हॉकी भारतात आली आणि जिथे छावणी व रेल्वे कॉलनी होती, तिथे ती लवकर पसरली. मोकळे मैदान, शिस्तीची सवय आणि संध्याकाळी खेळायला मोकळी माणसे, या तिन्ही गोष्टी अशा गावांत आयत्याच मिळत.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादला झाला. वडील समेश्वर सिंह लष्करात होते आणि स्वतः हॉकी खेळत. सततच्या बदल्यांमुळे ध्यानचंद यांचे शिक्षण सहावीपुढे गेले नाही. आपल्यापैकी बरेच जण बदल्यांमुळे शाळा मोडू नये म्हणूनच वसतिगृहात आहेत, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला लगेच समजेल. पुढे कुटुंब झाशीत स्थिरावले. १९२२ मध्ये ध्यानचंद सैन्यात साधे सिपाई म्हणून भरती झाले. दिवसा ड्यूटी असल्यामुळे ते रात्री चंद्रप्रकाशात सराव करत आणि त्यावरून मित्रांनी त्यांच्या नावाला ‘चांद’ जोडले, असे सांगतात.

हंगामाआधी

१९३३ चा हंगाम समजायचा तर आधीची पाच वर्षे पाहावी लागतात. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्या २९ पैकी १४ ध्यानचंद यांचे होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने ११ ऑगस्टला अमेरिकेला २४–१ असे हरवले. त्यात धाकटे भाऊ रूपसिंह यांचे १० आणि ध्यानचंद यांचे ८ गोल होते. हा सामना ज्या कोलिझियम मैदानावर झाला, तिथे एरवी तिथल्या विद्यापीठाचा संघ अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्या खेळात चेंडू लांबवर फेकणारा आणि धावत जाऊन तो झेलणारा, या दोघांचीही नोंद ठेवतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

म्हणजे १९३३ उजाडले तेव्हा झाशीच्या एकाच घरातले दोन भाऊ जगातल्या सर्वांत नावाजलेल्या आक्रमकांपैकी होते. दोन वेळा सुवर्णपदक मिळवूनही ध्यानचंद तेव्हा अधिकारी झालेले नव्हते. आणि त्या वर्षी कोलकात्याला बेटन चषक खेळायला ते कोणत्याही मोठ्या खात्याच्या संघातून गेले नाहीत. ते आपल्या गावच्या क्लबकडून गेले. त्या क्लबचे नाव झाशी हीरोज.

संघ आणि स्पर्धा

बेटन चषक १८९५ मध्ये सुरू झाला. हॉकीच्या जगातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांमध्ये त्याची गणना होते. ध्यानचंद या चषकाला देशातल्या सगळ्या हॉकी स्पर्धांत वरचे स्थान देत. स्पर्धा बाद पद्धतीची. एक सामना हरला की सामान बांधायचे. झाशीहून कोलकाता हजार किलोमीटरपेक्षाही दूर आहे. इतका प्रवास करून पहिल्याच दिवशी परतायची वेळ कोणावरही येऊ शकत होती.

अंतिम सामन्यात समोर कलकत्ता कस्टम्स हा संघ होता. शौकत अली, असद अली, क्लॉड डीफहोल्ट्स, सीमन, मोहसीन असे एकाहून एक खेळाडू त्यांच्याकडे होते. यांपैकी शौकत अली ॲम्स्टरडॅमच्या सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात ध्यानचंद यांच्याबरोबर होते. शिवाय कस्टम्ससाठी मैदान घरचे आणि प्रेक्षकही घरचे.

झाशीकडे काय होते? ध्यानचंद, रूपसिंह आणि मुंबईच्या जी.आय.पी. रेल्वेकडून खेळणारे इस्माईल. बाकीचा संघ तरुण होता. या तिघांशिवाय आपल्याकडे मोठा म्हणावा असा खेळाडू नव्हता, पण जिंकू किंवा मरू अशी सगळ्यांची तयारी होती, असे ध्यानचंद यांनी नंतर लिहिले आहे.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. तुम्ही ध्यानचंद आहात. वर्षभरापूर्वी एकाच सामन्यात ८ गोल केले आहेत. आजूबाजूला बहुतेक नवखी मुले आहेत. चेंडू तुमच्याकडे आला तर तुम्ही तो कोणाला द्याल? मी माझ्यापुरते प्रामाणिक उत्तर दिले. मी कोणालाच दिला नसता.

तो गोल

आता प्रत्यक्ष गोल पाहू. त्यासाठी त्या काळच्या दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, रचना. अकरा खेळाडूंपैकी एक गोलरक्षक, दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असत. ध्यानचंद मधोमध, सेंटर फॉरवर्ड. समोरच्या संघाचा लेफ्ट हाफ आपल्या उजव्या बाजूच्या विंगरला सांभाळतो, हे ध्यानात ठेवा.

दुसरी, ऑफसाइडचा नियम. आज हॉकीत ऑफसाइड नाही. तो १९९० च्या दशकात गेला. १९३३ मध्ये मात्र नियम कडक होता. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात चेंडूच्या पुढे उभ्या असलेल्या खेळाडूला पास द्यायचा, तर त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. स्वतःच्या अर्ध्या भागात असताना ऑफसाइड होत नसे. त्यामुळे विंगरला आधीच पुढे जाऊन उभे राहता येत नसे. पास सुटण्याचा क्षण आणि धाव सुरू होण्याचा क्षण जुळावाच लागे. क्षणभर आधी धावले तर शिट्टी, क्षणभर उशीर झाला तर बचाव परत जागेवर.

सामन्यात कस्टम्सचा दबाव वाढत चालला होता. झाशीचा गोल कोणत्याही क्षणी होईल असे वाटत होते. दबाव टाकणाऱ्या संघाचे हाफ आणि बॅक आपोआप पुढे सरकतात. त्यांच्या पाठीमागे मैदान रिकामे पडते. अशातच ध्यानचंद चेंडू घेऊन त्या गर्दीतून निसटले. मैदानाच्या मध्यावरून त्यांनी इस्माईलना लांब थ्रू पास दिला. इस्माईल अर्धे मैदान धावले. पुढे लिहिताना ध्यानचंद यांना त्या धावेसाठी जेसी ओवेन्सचे नाव आठवले. हे ते धावपटू, ज्यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवली. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कोणी घ्यायचा याबद्दल गोंधळ झाला. इस्माईल त्या दोघांमधून आत घुसले आणि त्यांनी गोल केला. सामन्यातला तो एकमेव गोल. झाशी हीरोज १–० ने विजयी.

कोलकात्यातच लक्ष्मीविलास चषक नावाची आणखी एक स्पर्धा होत असे. ती फक्त भारतीय संघांसाठी होती. तीही हीरोजने जिंकली.

मैदानावरचा प्रयोग

वाचून सगळे पटले, पण मला स्वतः करून पाहायचे होते. हॉकीचे मैदान १०० यार्ड लांब असते. अर्धे मैदान म्हणजे ५० यार्ड, साधारण ४६ मीटर. छावणीतल्या मैदानावर बाबांनी मोबाईलवर वेळ लावली.

चेंडू स्टिकवर ठेवून ४६ मीटर धावायला मला साडेआठ सेकंद लागले. फक्त स्टिक हातात घेऊन धावलो तेव्हा सात सेकंद लागले. मग मी जागेवर उभे राहून चेंडू जोरात मारला. तेवढेच अंतर त्याने जेमतेम तीन सेकंदांत कापले. तीन-तीन वेळा करून पाहिले, फार फरक पडला नाही.

हे आकडे माझ्या पायांचे आहेत, इस्माईलचे पाय नक्कीच वेगवान होते. पण हिशोब बदलत नाही. चेंडू घेऊन धावणारा माणूस सगळ्यांत हळू. रिकाम्या हातांनी धावणारा त्याहून वेगवान. आणि मारलेला चेंडू या दोघांच्याही पुढे. मी त्या दिवशी मध्यरेषेवरून चेंडू घेऊन निघालो तेव्हा तिघांपैकी सगळ्यांत हळू मार्ग मी निवडला होता. दोन बचावपटूंना परत यायला वेळ मिळाला तो मीच दिला.

बाबा म्हणाले, “लढाईतही असेच असते. पुढच्या तुकडीला दारूगोळा वेळेवर पोहोचवणाऱ्याचे नाव बातमीत येत नाही. पण तो पोहोचला नाही, तर बातमीच वेगळी होते.”

मला समजलेले तीन धडे

पहिला धडा पाहण्याचा. ध्यानचंद स्वतः दबावाखाली होते तरी त्यांना पन्नास यार्डांपलीकडचे रिकामे मैदान दिसत होते. डोळे चेंडूवर असले तरी नजर मैदानावर हवी, असे उस्ताद रोज सांगतात, त्याचा अर्थ मला आता कळला.

दुसरा धडा विश्वासाचा. मलाही विंगर दिसला होता. म्हणजे चूक नजरेची नव्हती. पास देताना आपण चेंडूबरोबर सामन्याचा निकालही दुसऱ्याच्या हाती सोपवतो. इस्माईल चुकले असते, तर सामना तिथून कुठेही गेला असता. ती शक्यता माहीत असूनही पास देणे म्हणजे विश्वास. चूक होणारच नाही अशी खात्री असेल, तर विश्वास ठेवायची गरजच काय?

तिसरा धडा नावाचा. हा मला सगळ्यांत कठीण गेला. ध्यानचंद यांनी आपल्या आयुष्यात खेळलेल्या सर्वोत्तम सामन्याचे नाव सांगताना २४–१ चा सामना निवडला नाही. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये कर्णधार म्हणून जर्मनीला ८–१ ने हरवले, तोही निवडला नाही. त्यांनी १९३३ चा बेटन चषकाचा अंतिम सामना निवडला. एकच गोल झालेला, आणि तो एक गोलही त्यांच्या नावावर नसलेला. ज्यांच्या गोलांची मोजदाद करता करता लोक थकले, त्यांना आठवत राहिला तो एक पास.

असे का, यावर मी सुट्टीभर विचार केला. मला वाटते, अमेरिकेविरुद्ध ते एकटे नसते तरी भारत जिंकलाच असता. कोलकात्यात मात्र प्रत्येक जण लागला. दबाव झेलणारे ते नवखे बचावपटू, ज्यांची नावे मला कुठे सापडली नाहीत, ते सामनाभर पाय रोवून उभे राहिले म्हणून तो एक पास देण्याची वेळ आली. गावच्या मुलांना घेऊन जिंकलेला सामना त्यांना मोठा वाटला असणार.

ध्यानचंद १९५६ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा वाढदिवस, २९ ऑगस्ट, आपण राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत २४–१ नेहमी ऐकायला मिळते. पुढच्या वर्षी कोणीतरी १–० बद्दलही बोलावे.

परत आल्यावर

सुट्टी संपवून आलो त्या रात्री प्रेपनंतर मी नववीच्या डॉर्ममध्ये गेलो. विंगर बुटांना पॉलिश करत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला. मी त्याला म्हणालो, “फायनलमध्ये तो चेंडू तुला द्यायला हवा होता. तू दिसला होतास. चूक माझी.”

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “कदाचित माझ्याकडूनही चुकला असता, सर.”

“चुकला असता तरी तो चेंडू तुझाच होता,” मी म्हणालो.

आमच्या हाऊसकडे सामन्यांची नोंद ठेवायची एक जुनी वही आहे. तिच्यात तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल आणि गोल करणाऱ्याचे नाव असे चार रकाने आहेत. हाऊस कॅप्टनला विचारून मी पेन्सिलीने पाचवा रकाना आखला आणि वर लिहिले, ‘पास कोणाचा’.

गेल्या शनिवारी पहिला सरावसामना झाला. आम्ही २–१ असे हरलो. आमचा एक गोल सेंटर हाफने केला. त्याला पास नववीतल्या विंगरने दिला होता. मी तेव्हा मोकळा उभा होतो आणि चेंडूसाठी ओरडतही होतो. त्याने माझ्याकडे पाहिले आणि चेंडू दुसरीकडे दिला. तोच बरोबर होता. पाचव्या रकान्यातले पहिले नाव त्याचे आहे आणि ते मी स्वतः शाईने लिहिले आहे.